कमानीवाला नांगर, साखळी आणि नायलॉन दोर: दिवाळ्याच्या खाडीतला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, मग सविस्तर. जिथे पाणी सहा तास एकीकडे वाहतं आणि पुढचे सहा तास बरोबर उलट, अशा खाडीत होडी उभी करणाऱ्यांनी चार नख्यांच्या जुन्या नांगरावर एकट्यावर भरवसा ठेवू नये. नवीन घ्यायचा असेल तर कमानीवाला, म्हणजे पात्याच्या मागे अर्धगोल कमान असलेला घ्या, आणि नुसता नांगर नाही, साखळी आणि नायलॉनच्या दोरासकट पूर्ण सेट घ्या. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आमची होडी २२ फुटी, फायबरची, मागे बाहेरून बसवलेलं ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. मी नेरुळला राहतो, होडी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात असते, चुलतभाऊ आणि मी मिळून वापरतो, तो मासेमारीला आणि मी सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला. दिवाळ्याचा धक्का ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, भरतीला पाणी पायऱ्यांना लागलेलं असतं आणि सुकतीला त्याच पायऱ्यांच्या खाली नुसता चिखल, त्यात निवट्या उड्या मारतायत. म्हणजे होडी कायम तरंगती हवी असेल, कधीही निघता यायला हवं असेल, तर ती धक्क्याला बांधून चालत नाही, बाहेर जिथे ओहोटीलाही पाणी राहतं त्या पट्ट्यात नांगरावर उभी करावी लागते. तो पट्टा अरुंद, होड्या भरपूर, आणि पाणी पनवेलच्या बाजूने येताना-जाताना चांगलंच जोरात.

आता पहिली अडचण खोलीची. आपल्याकडे उधाणाला, म्हणजे अमावस्या-पुनवेच्या मोठ्या भरती-ओहोटीला, पाणी साधारण साडेतीन ते साडेचार मीटर वरखाली होतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, दीड-दोन मीटर. आमची होडी उभी असते तिथे सुकतीला २ मीटर पाणी धरा. उधाणाची भरती आली की तेच साडेसहा मीटर. त्यात पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंतची उंची १ मीटर मिळवा, झाले साडेसात. दोर आणि साखळी मिळून या आकड्याच्या निदान पाचपट सोडायला हवी, म्हणजे ३७-३८ मीटर. कारण सरळ आहे, नांगर चिखलात आडवा ओढला गेला तरच रुततो, वरून ओढ आली की उपटून येतो, आणि दोर जितका लांब तितकी ओढ आडवी. पण गंमत अशी की हेच ३८ मीटर ओहोटीला जेव्हा पाणी २ मीटरच उरतं तेव्हा जास्तच होतात, होडी त्या दोराच्या टोकाला मोठ्या गोलात फिरते आणि शेजारच्या होडीच्या अंगावर जाते. म्हणून बरेच जण ओहोटीला बघून दोर कमी ठेवतात, आणि मग मध्यरात्री उधाणाची भरती चढली की दोर उभा ताठ होतो आणि नांगर सुटतो. दोराचा हिशोब कायम भरतीचा करायचा, ओहोटीचा नाही. आणि गोल लहान ठेवायचा असेल तर त्याचा उपाय वेगळा आहे, दोर कापणं हा उपाय नाही. त्यावर पुढे येतो.

दुसरी अडचण खरी डोकेदुखी, पाणी फिरण्याची. दिवसातून चार वेळा पाणी दिशा बदलतं. पंचांग घरात असेल तर तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहाच्या आसपास, अमावस्या-पुनवेला साडेअकरा-बाराच्या सुमारास, आत खाडीत थोडी उशिरा. आमच्याकडे अजून हाच हिशोब चालतो, मोबाईलवर टाइड टेबल असलं तरी. तर भरती पूर्ण झाली की थोडा वेळ पाणी उभं राहतं, दोर सैल पडतो, होडी कुठेही तोंड करते, मग सुकती सुरू होते आणि होडी नांगराच्या पलीकडे जाऊन उलट्या बाजूने ओढायला लागते. इतका वेळ ज्या बाजूने ओढून नांगर रुतला होता त्याच्या बरोबर विरुद्ध. इथे चार नख्यांचा नांगर हरतो. त्याच्या दोन नख्या चिखलात असतात आणि दोन वर उभ्या. सैल पडलेला दोर फिरताना त्या वरच्या नखीला गुंडाळतो आणि पुढची ओढ थेट नखीवर येते, दांड्यावर नाही, म्हणजे नांगर उलटा खेचला जातो, रुतायचा प्रश्नच नाही. दोर गुंडाळला नाही तरी मऊ गाळात त्या बारीक गजांना पकड कसली मिळणार, सरळ कापत निघून येतात.

शेजारी एक जुने तांडेल (होडी चालवणारे प्रमुख) आहेत, त्यांना मी विचारलं होतं की काका, एवढा जड नांगर टाकतो तरी सकाळी होडी सरकलेली कशी असते, वजन अजून वाढवू का. ते म्हणाले, "आरं वजनाचा काय नाय. पानी फिरला का नांगर पन फिरला पायजे, आनि फिरून परत धरला पायजे." नांगर निवडताना मी दुसरं काही पाहिलं नाही, एवढंच पाहिलं.

मग शोधाशोध केली. नांगराचे प्रकार बरेच आहेत. नांगरटीच्या फाळाच्या आकाराचा, मध्ये सांधा असलेला प्रकार १९३३ सालचा, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांचा, तो बाहेरच्या शिडाच्या होड्यांवर वर्षानुवर्षं चालला. दोन चपट्या पात्यांचा, उघड-मिट होणारा डॅनफोर्थ दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा, हलका आणि मऊ चिखलात पकड जबरदस्त, पण पाणी फिरलं की त्याच्या पात्यांमध्ये चिखलाचा गोळा किंवा शिंपला अडकतो, पाती एका बाजूला अडकून बसतात आणि मग तो तळावर नुसता सरकत जातो. शेवटी कमानीवाला. रुंद, आत खोलगट, फावड्यासारखं एकच पातं, पुढे टोकदार, त्याला वाकडा दांडा आणि पात्याच्या मागच्या बाजूला अर्धगोल पाइपची कमान. कमानीचं काम एकच, नांगर कसाही पडला, पालथा पडला तरी कमानीमुळे तो पालथा राहूच शकत नाही, कुशीवर येतो, आणि ओढ लागली की टोक आत घुसतं. हा आकार जर्मनीत आणि नंतर न्यूझीलंडमध्ये पुढे आला, आता त्याच्या भरपूर नकला निघाल्यात. मी घेतलेला १२ किलोचा, हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून थर दिलेला), कुठल्या मोठ्या ब्रँडचा नाही, फॅब्रिकेशनवाल्याने मापं घेऊन बनवलेला.

घेतल्या घेतल्या खाडीत टाकला नाही. सुकतीला धक्क्याच्या बाजूला चिखल उघडा पडतो ना, तिथे जुना आणि नवा दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, दोघांना सारखीच साखळी लावली आणि कडेच्या घट्ट जमिनीवरून आम्ही दोघांनी दोर ओढला. हे सगळ्यांनी करून बघावं, कारण पाण्याखाली काय चालतं ते एरवी दिसतच नाही. जुन्याने दोन बारीक चर काढले, लांबच लांब, आणि आमच्या पायाशी येऊन पडला. नवा आधी कुशीवर पडलेला होता, ओढ लागली तसं टोक खाली गेलं, मग पातं फिरून सरळ झालं, चिखल कमानीतून वर फुगला आणि स्वतःच्या लांबीपेक्षा थोडंच पुढे येऊन दांड्यासकट गायब, फक्त साखळी चिखलात शिरताना दिसत होती. दोघांनी टाचा रोवून ओढला, हलला नाही. मग खरी परीक्षा, दोर घेऊन आम्ही उलट्या बाजूला गेलो आणि तिकडून ओढला. दांडा चिखलातून कडेने वर आला, नांगर जागच्या जागी वळला, कमान एकदा दिसली, परत बुडाली आणि परत धरला. पूर्ण उपटून बाहेर आलाच नाही, छोट्या वळणात फिरला. भावाने त्या वळणाची खूण पायाने दाखवली, दोन-अडीच हातांची असेल. मला तिथेच पटलं.

पाण्यात टाकताना पद्धत महत्त्वाची, नाहीतर चांगला नांगरही बदनाम होतो. होडीचं तोंड प्रवाहाकडे करून थांबायचं, नांगर हळू खाली सोडायचा, फेकायचा नाही, फेकला की साखळीचा ढीग त्याच्यावरच पडतो. होडी प्रवाहाने मागे जायला लागली की दोर सोडत जायचं, पूर्ण सोडून झाला की बांधायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही. आपल्याकडचा गाळ बारीक, मऊ, नांगराला स्वतःच्या वजनाने बसायला वेळ लागतो. मग इंजिन रिव्हर्सला टाकून अगदी कमी रेसवर ओढ द्यायची, हळूहळू वाढवायची. त्या वेळी एका हाताचा तळवा दोरावर ठेवा. नांगर सरकत असेल तर दोर थरथरतो, मध्येच ढिला, मध्येच ताठ, तळ घासल्यासारखं जाणवतं. धरला असेल तर दोर फक्त ताणला जातो, थरथर नाही. आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ठेवायच्या, आम्ही विजेचा एक खांब आणि मागच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी धरतो. पाणी फिरल्यावर होडीची जागा बदलणारच, त्यामुळे नवीन रेषा बघून पुन्हा लक्ष ठेवायचं. उधाणाच्या दिवसांत सगळ्यात जास्त जोर भरती आणि ओहोटीच्या बरोबर मध्ये, म्हणजे सकाळी नऊ आणि दुपारी तीनच्या आगेमागे असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून तपासायचं तर त्या वेळी तपासा, पाणी उभं असताना सगळेच नांगर धरतात.

सेटमधल्या बाकीच्या वस्तूंबद्दल. साखळी ८ मिलीमीटरची, १० मीटर घेतली. तिचं वजन मीटरला साधारण १.४ किलो, म्हणजे १४ किलो साखळीच झाली, नांगरापेक्षा जास्त. लोक इथेच पैसे वाचवतात आणि दोन-तीन मीटरचा तुकडा लावतात. साखळी दोन कामं करते, दांडा खाली झुकवून ठेवते म्हणजे ओढ आडवी राहते, आणि तळावरचे शिंपले, कालवं, जुनं लोखंड यांच्यावर घासून दोर तुटत नाही. आपल्या खाडीच्या तळाला काय काय पडलंय ते ज्यांनी नांगर उचललाय त्यांना माहीत आहे.

दोर नायलॉनचाच घ्या, १४ मिलीमीटर, आम्ही ४० मीटर घेतलाय. दुकानात जाऊन नुसतं दोर द्या म्हटलं की हिरवा किंवा निळा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा) दोर हातात देतात कारण तो स्वस्त आणि सगळीकडे चालतो. पीपी पाण्यावर तरंगतो. पाणी उभं राहिलं, दोर सैल पडला की तो होडीभोवती वर तरंगत राहतो आणि दुसऱ्याच्या इंजिनच्या पंख्यात जातो. नायलॉन बुडतो आणि शिवाय ताणतो, त्यामुळे लाटेचा झटका नांगरापर्यंत पोचत नाही. उन्हाने पीपी खराबही लवकर होतो, वरचे तंतू कुसळासारखे हाताला लागायला लागतात.

शॅकल, म्हणजे नांगर आणि साखळी जोडणारी पिनेची कडी, या एका वस्तूने मला त्रास दिला. नांगर आणि साखळी चांगली, पण सोबत एका दुकानातून घेतलेले शॅकल गॅल्वनाइज्ड म्हणून दिले आणि निघाले नुसते पॉलिश केलेले, पहिल्याच पावसाळ्याआधी लालेलाल, पिन फिरेना. बदलून मागितले तर दुकानदार म्हणाला खाऱ्या पाण्यात गंज येणारच. येणारच हे खरं, पण हॉट डिपचा थर असा महिन्यांत उडत नाही, त्याचा रंग मळकट राखाडी आणि हाताला किंचित खरखरीत असतो, चकचकीत असेल तर शंका घ्या. नंतर मुंबईतल्या दारूखान्याच्या बाजारातून साखळीपेक्षा एक नंबर मोठे शॅकल आणले, हाताने बघून. आणि पिन घट्ट केल्यावर तिच्या भोकातून तार ओवून शॅकलला पीळ देऊन बांधायची, नाहीतर दर भरती-ओहोटीच्या हेलकाव्याने पिन हळूहळू उघडते. महागातला नांगर तळाला आणि होडी उरणच्या बाजूला, असं होऊ शकतं.

आता तक्रारी, ज्यासाठी अर्धा मार्क कापला. एक म्हणजे वर काढताना पात्यात आणि कमानीत भरून येणारा चिखल. खोलगट पातं आहे, घागरभर काळा गाळ घेऊनच येतं, चिकट, वास मारणारा, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि कधी तुटलेल्या जाळ्याचा तुकडा. १२ किलोचा नांगर वर येताना पंचवीस किलोचा वाटतो, साखळी वेगळी. आमच्या होडीला विंच नाही, सगळं हाताने, एकट्या माणसाला कंबरेचं काम आहे. पाण्याच्या पातळीला धरून दोन-तीनदा वरखाली बुचकळायचा, मग आत घ्यायचा, आणि काठीला बांधलेला ब्रश जवळ ठेवायचा. दुसरं, कमानीमुळे तो नाळेवरच्या जागेत नीट बसत नाही, खणात तर नाहीच, आम्ही पुढे रबराची चटई टाकून दोरीने बांधून ठेवतो. विकत घेण्याआधी कमानीची रुंदी मोजा. तिसरं, तो एवढा घट्ट धरतो की कधी निघतच नाही. त्यासाठी पात्याच्या मागच्या भोकाला एक बारीक दोरी बांधून तिला छोटा बोया लावला तर उलट्या बाजूने ओढून काढता येतो. पण गर्दीच्या जागी हा बोया दुसऱ्याच्या पंख्यात अडकतो, म्हणून दिवाळ्याला आम्ही लावत नाही. त्याऐवजी दोर उभा ताठ करून नाळेला बांधायचा आणि भरती चढायची वाट बघायची, चढतं पाणीच होडीला वर उचलून नांगर मोकळा करतं. घाई असेल तरच इंजिन. मात्र चढत्या पाण्यात दोर आखूड बांधून चहा प्यायला निघून जाऊ नका, लहान होडीची नाळ दाबली जाते.

वाऱ्याबद्दल सांगतो कारण यात नांगराला दोष देतात आणि दोष त्याचा नसतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारी पश्चिमेचा वारा उठतो आणि त्याच वेळी सुकती असली तर पाणी बाहेर आणि वारा आत. होडीला कळत नाही कुणाचं ऐकायचं. फायबरची हलकी होडी वाऱ्याचं ऐकते, प्रवाहाविरुद्ध पुढे येऊन नांगराच्या डोक्यावर जाते, दोर होडीच्या खालून जातो आणि आउटबोर्डच्या पायाला किंवा सुकाणूला अडकतो. यावर दोन गोष्टी. आउटबोर्ड पूर्ण वर उचलून ठेवायचं, आणि दोरावर मधेच एक वजन सरकवून सोडायचं, आठ-दहा किलोचं, मोठ्या शॅकलमध्ये अडकवून, वेगळ्या दोरीने. सैल दोर त्यामुळे खाली बसतो. आमच्याकडे जुनं तराजूचं माप आहे, कडीसकट, तेच लावतो.

आता तो लहान गोलाचा उपाय. जागा कमी असेल तर दोन नांगर, दोन्ही नाळेवरूनच, एक भरतीच्या दिशेला आणि एक ओहोटीच्या दिशेला. पहिला प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा, नेहमीच्या दुप्पट दोर सोडत मागे जायचं, तिथे दुसरा टाकायचा, मग पहिल्याचा दोर ओढून घेत दोघांच्या मध्ये यायचं आणि दोन्ही दोर नाळेवर बांधून थोडे खाली सोडायचे म्हणजे होडी फिरताना तळाला किंवा पंख्याला लागत नाहीत. अशा वेळी सुकतीला एक नांगर ओढ घेतो आणि भरतीला दुसरा, कुणालाच उलटं फिरावं लागत नाही, होडी जवळपास जागच्या जागी तोंड बदलते. आमचा दुसरा नांगर डॅनफोर्थ आहे, कारण एकाच दिशेची ओढ असेल तर मऊ चिखलात तो उत्तम, आणि हलका असल्याने टाकायला सोपा. कटकट एकच, होडी गोल फिरत राहिली की दोन्ही दोरांना एकमेकांचा पीळ बसतो, तो पाणी उभं असताना सोडवावा लागतो. आणि शेजारच्या सगळ्या होड्या एका नांगरावर असतील तर विचार करा, त्या मोठ्या गोलात फिरतात आणि तुम्ही जागेवर, त्या तुमच्यावर येणार. आजूबाजूच्या नाखव्यांशी बोलून, सगळ्यांनी एकसारखं करणं बरं. दिवाळ्याला लोक ऐकतात, निदान आम्हाला तरी तसा अनुभव आहे.

काही जण म्हणतात एवढं करण्यापेक्षा सिमेंटचा ठोकळा टाक कायमचा. कायमची जागा असेल तर ठीक, पण एक हिशोब लक्षात ठेवा, सिमेंट काँक्रीट पाण्यात गेलं की आपलं चाळीस टक्क्यांहून जास्त वजन हरवतं. १०० किलोचा ठोकळा तळाला ५८ किलोच्या आसपास भरतो. लोखंड १०० किलो असेल तर ८७ राहतं. म्हणजे ठोकळा टाकायचाच तर अंदाजापेक्षा बराच मोठा, आणि तो गाळात बसायला वेळ द्यायचा, नवीन टाकलेल्या ठोकळ्यावर पहिल्याच उधाणाला होडी सोडायची नाही.

मित्राची होडी ऐरोलीच्या बाजूला असते, त्यानेही माझं बघून हाच नांगर घेतला. त्याचा अनुभव माझ्याइतका चांगला नाही, आणि मला तो खरा वाटतो. ठाणे खाडीत आत, ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या मधल्या पट्ट्यात गाळ आणखी पातळ आहे, वरचा थर तर नुसता रेंदा. तिथे कमानीवाला वरच्या थरात थोडा सरकतो आणि मग धरतो, कधी कमानीमुळेच खोल जायला वेळ लागतो. त्याने साखळी वाढवल्यावर फरक पडला. त्या पट्ट्यातला पश्चिमेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीतही (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आला, त्यामुळे चिखलपठारावर कुठेही नांगर ओढत बसू नये हे आहेच, पण तसंही तिथे पकड मिळत नाही. खोल पाण्याच्या कडेला, जिथे प्रवाहाने रेंदा धुऊन खालचा घट्ट चिखल उघडा पडलेला असतो, तिथेच टाकायचा.

आणि घारापुरीच्या आसपास कातळ आहे तिथे याला टाकू नका. रुंद पातं दगडाच्या कपारीत बसलं तर नांगर गेलाच समजा. तिथे चार नख्यांचाच बरा, गज सरळ होऊन निघून तरी येतो, नंतर ठोकून परत वाकवता येतो. म्हणून जुना भंगारात देऊ नका, होडीत राहू दे.

खर्च सांगायचा तर नांगर, साखळी, दोर आणि नंतर बदललेले शॅकल मिळून बारा हजारांच्या आत-बाहेर गेले. बाहेरच्या ब्रँडचा नुसता नांगर मागवला तरी याहून बराच वर जातो. फॅब्रिकेशनवाल्याकडे बनवून घेणार असाल तर तीन गोष्टी आधी ठरवून घ्या. पात्याचं टोक जड हवं, आतून जाड पट्टी किंवा भरीव लोखंड लावून, नाहीतर टोक खाली जायच्याऐवजी पातं चपटं पडून सरकतं. दांडा आणि पात्याचं वेल्डिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण हवं, ठिपक्या-ठिपक्यांचं नको, कारण पाणी फिरताना सगळी ओढ तिथे आडवी येते. आणि गॅल्वनाइजिंग वेल्डिंग आणि भोकं पाडून झाल्यावरच, आधी नाही. माझ्या नांगराच्या दांड्याच्या भोकात शॅकल घासून थर उडालाय आणि तिथे लाल दिसायला लागलंय, ते भोक थोडं मोठं आणि कडा गोल करून घेतल्या असत्या तर टिकलं असतं, फॅब्रिकेशनवाल्याला हे आवर्जून सांगा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होडी वर आल्यावर साखळीची टोकं अदलाबदल करायची, नांगराकडचं टोक दोराकडे आणि दोराकडचं नांगराकडे, कारण झीज एकाच बाजूला होते. कड्या एकमेकींत घासून जिथे बारीक झाल्यात तिथे कॅलिपर लावून बघा, ८ ची कडी ७ वर आली असेल तर तो तुकडा कापून टाका आणि नारळी पुनवेआधी नवीन जोडून घ्या.